शिवणाऱ्याचं नाव

रविवारी सकाळी अकराला मुलीचा व्हिडिओ कॉल येतो. मी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा करतो, म्हणजे हात मोकळे राहतात. त्या रविवारी मी भेंडी चिरत होतो आणि बायको गॅसपाशी होती. टेक्ससमध्ये, आमच्या फ्रिस्कोत, मे महिन्यातच उन्हानं बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, आणि आमची एकुलती एक मुलगी तिकडे माँटानात स्वेटर घालून बसली होती. हवापाण्याचं बोलणं उरकलं आणि ती म्हणाली, "बाबा, आजोबांची मोठी कात्री तुझ्याकडेच आहे ना? मला शिप करशील?"

कात्री माझ्याकडेच होती. गराजमध्ये, ड्रिल मशीनच्या खोक्याखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. माझे वडील नागपुरात टेलर होते. ते गेल्यावर भावानं दुकान रिकामं केलं, तेव्हा एवढी एक वस्तू मी उचलून आणली, आणि आणल्यावर ती कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी ठेवून दिली. त्यामुळे तिची आठवण काढलेली मला काही फारशी रुचली नाही.

"तुला कशाला हवी कात्री? तुझं तर डेटाचं काम ना?"

"सूट कटिंग करायचंय. माझा नवीन सूट मीच शिवतेय."

"कसला सूट?"

गॅसपाशी पळीचा आवाज चालू होता तो थांबला. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"बाबा, आधी सुरी खाली ठेव," मुलगी म्हणाली.

मी ठेवली. मग तिनं एका दमात सांगून टाकलं. "मी स्मोकजंपर आहे. डोंगरात कुठेतरी आतमध्ये आग लागते ना, जिथे जायला रोडच नसतो, तिथे आम्ही प्लेनमधून पॅराशूटनं जंप करतो. आग छोटी असतानाच विझवतो. लास्ट इयरपासून करतेय. एकोणीस जंप्स झाल्या. आय ॲम रिअली गुड ॲट इट, बाबा."

माणसाला धक्का बसला की त्याच्या तोंडून पहिलं वाक्य नेहमी मूर्खासारखं निघतं. मी विचारलं, "आणि डेटा?"

"डेटा कधीच नव्हता. तो तूच सगळ्यांना सांगत होतास."

हे खरं होतं. मिशिगनमध्ये ॲन आर्बरला चार वर्षं थंडीत कुडकुडून तिनं पर्यावरणाची डिग्री घेतली आणि पश्चिमेकडे जंगल खात्यात लागली. फोनवर ती 'फायर' म्हणायची, 'फील्ड' म्हणायची. मी माझ्या मनाशी ठरवलं की आगीची माहिती गोळा करून कॉम्प्युटरवर काहीतरी मांडत असणार, कारण आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाचं पोर कॉम्प्युटरवरच काहीतरी मांडतं. पुढे कुणी विचारलं की मी रुबाबात सांगायचो, "ती वाइल्डफायर डेटामध्ये आहे." दोन वर्षं ती हातात कुदळ घेऊन आगीसमोर उभी राहत होती आणि तिसऱ्या वर्षी विमानातून उड्या मारायला लागली होती. मी मात्र महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ताटं पुसता पुसता तिच्या डेटाचं कौतुक सांगत होतो.

फोन बंद झाल्यावर मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"गेल्या श्रावणापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"ओरडलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली, आणि मी मग ओरडलोच. दोघी मायलेकींनी मिळून वर्षभर मला वेड्यात काढलं म्हणून ओरडलो. बायकोनं शांतपणे माझी अर्धवट भेंडी ओढून घेतली आणि चिरायला लागली. चिरलेलीच भेंडी ती पुन्हा पुन्हा चिरत होती. तेव्हा मला कळलं की ही बाई वर्षभर एकटीच घाबरत होती, आणि माझा आवाज आपोआप खाली आला.

पण राग गेला नव्हता, आणि भीती तर दिवसेंदिवस वाढतच गेली. मीटिंगमध्ये कुणी स्क्रीन शेअर करायचं आणि मला विमानाचं उघडं दार दिसायचं. शेवटी मी ठरवलं की जाऊन तिला घरी आणायचं. फोनवर नाही, समोरासमोर. जूनमध्ये चार दिवसांची सुट्टी टाकली आणि तिकिटं काढली. जातानाचं एकट्याचं, येतानाचं दोघांचं. बायकोनं ते पाहिलं. चिवड्याचा डबा भरला आणि म्हणाली, "कात्री न्या. मागितलीय तिनं." मी ती चेक-इन बॅगेत टॉवेलासकट घातली.

माँटानातला स्मोकजंपर्सचा तळ एका लहानशा विमानतळाच्या कडेला होता. गेटवर पाहुण्यांचं रजिस्टर होतं. त्यात मी नाव आणि आडनाव लिहिलं, आणि आत पाऊल टाकताना मनात जुळवणी केली: आधी गोड बोलायचं, मग आईची तब्येत, मग वय, आणि अगदीच ऐकलं नाही तर आवाज चढवायचा. समोर लष्करी छावणीसारखं काहीतरी असणार, कुणीतरी दंड-बैठका काढत असणार अशी माझी कल्पना होती.

दार उघडलं आणि मी तिथेच थबकलो. आत शिलाई मशिनं होती. एक-दोन नव्हे, ओळीनं पंधरा तरी, आणि प्रत्येकावर एकेक आडदांड माणूस मान खाली घालून शिवत बसलेला. एकाची दाढी छातीपर्यंत होती आणि दंडावर अस्वल गोंदवलेलं. तो दोन बोटांत नायलॉनचा पट्टा धरून इतक्या हळुवारपणे टीप घालत होता, की माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. भिंतीवर कापड बेतायचे खाकी कागदाचे नमुने टांगलेले. टेबलावर खडू, टेप, बॉबिनचा डबा. आणि तो आवाज. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या आवाजाला कंटाळून मी इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर पळालो होतो, तोच आवाज माँटानाच्या डोंगरात माझी वाट बघत बसला होता.

तिसऱ्या मशीनवर माझी मुलगी होती. उठून तिनं मला घट्ट मिठी मारली. मग खोलीकडे वळून मोठ्यानं इंग्रजीत म्हणाली, "हे माझे बाबा. त्या टेलर आजोबांबद्दल सांगते ना मी तुम्हाला, त्यांचा मुलगा."

सगळी मशिनं थांबली. सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडे अशा आदरानं पाहिलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॉस्टेलवर मी सांगत असे की वडील 'टेक्स्टाइल'मध्ये आहेत. अमेरिकेत आल्यावर तेवढंही सांगायची गरज उरली नाही. आणि इथे माझी मुलगी मला सॉफ्टवेअरवाला म्हणून नाही, तर टेलरचा पोरगा म्हणून मिरवत होती.

शिवणघराचा प्रमुख पुढे आला. माझ्याच वयाचा, पांढऱ्या मिशांचा, एका पायानं किंचित लंगडणारा माणूस. त्यानं मला समजावून सांगितलं की उडी मारताना अंगावर जे जे असतं, सूट, पट्टे, पिशव्या, त्यातलं बहुतेक सगळं हे लोक स्वतः शिवतात. दुकानात मिळत नाही, आणि मिळालं तरी ज्याला ते घालून झाडात पडायचंय त्यानंच शिवलेलं बरं. बोलता बोलता त्यानं अस्वलवाल्याच्या मशीनवरचा पट्टा उचलून माझ्या हातात दिला. "बघा बरं, कसं वाटतंय."

मी काही विचार केला नाही. हातानं आपसूकच पट्टा उलटा केला. "सुलटी बाजू गिऱ्हाइकाला दाखवायची, उलटी आपण बघायची," हे वडिलांचं रोजचं वाक्य होतं. मी उलटी बाजू पाहिली आणि तोंडातून निघून गेलं, "खालचा दोरा सैल आहे."

प्रमुखानं नखानं टीप खेचून पाहिली. ती उचलली गेली. अस्वलवाल्यानं कपाळावर हात मारला, आणि माझी मुलगी हसत म्हणाली, "सांगितलं होतं ना? आमच्या घरात सगळे आधी उलटी बाजू बघतात." आमच्या घरात! तिला हे माहीत कसं, असा प्रश्न मला पडला, आणि लगेच उत्तरही मिळालं. ती बारा वर्षांची असताना एका सुट्टीत महिनाभर नागपूरला राहिली होती. रोज आजोबांच्या दुकानात जाऊन बसायची. कोडिंगचा समर कॅम्प बुडाला म्हणून मी तेव्हा धुसफुसलो होतो.

कात्रीचं मात्र हसू झालं. मी ती मोठ्या थाटात टॉवेलातून काढली, सगळ्यांनी हातात घेऊन तिचं वजन केलं, आणि मुलीनं सूटच्या कापडावर चालवली तर ती नुसती चावत बसली. ते कापड गोळी अडवणाऱ्या जाकिटाच्या जातीचं. त्याला त्यांच्या वेगळ्या कात्र्या असतात. मग प्रमुखानं पिशव्यांचं जाड कापड पुढे सरकवलं. त्यावर कात्री अशी सरसर गेली, की दोन-तीन जणांनी शिट्ट्या मारल्या. "पिशव्यांना वापरीन मी," मुलगी म्हणाली. मी मान डोलावली. खिशात तिचं परतीचं तिकीट होतं. ते आता काढावं की जेवताना काढावं, याचा मी विचार करत होतो.

तेवढ्यात भोंगा वाजला.

मी आजवर अनेक भोंगे ऐकलेत, पण माणसं अशी उठलेली कधी पाहिली नव्हती. गडबड नाही, आरडाओरडा नाही. ज्याच्या सुईखाली जे कापड होतं ते तसंच राहिलं आणि आठ जण पलीकडच्या खोलीत गेले. मी मागोमाग धावलो. माझी मुलगी, जिला शाळेसाठी बूट घालायला वीस मिनिटं लागायची, ती दोन मिनिटांत एका जाडजूड सूटमध्ये शिरली. कॉलर कानांच्या वरपर्यंत, फांदी मानेत घुसू नये म्हणून. हेल्मेटला तोंडासमोर तारेची जाळी. पायाच्या खिशात दोराची गुंडाळी. पाठीवर पॅराशूट, पोटावर दुसरं. एकानं तिचे पट्टे तपासले, तिनं त्याचे. जाळीमागे तिचा चेहरा नीट दिसेनासा झाला.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. 'थांब' म्हणणार होतो की 'जपून' म्हणणार होतो, देव जाणे.

"बाबा, माझं मशीन बंद कर हं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

विमान उडालं, वळलं आणि डोंगरामागे गेलं. मी आत येऊन तिचं मशीन बंद केलं. दुसरं काय करणार? मी तिच्याच स्टुलावर बसलो. सुईखाली अर्धी शिवलेली बाही होती. मी तिची उलटी बाजू पाहिली. टाके सरळ होते.

तासाभरानं प्रमुखानं मला एका उंच खोलीत नेलं. छत तीन मजले वर, आणि तिथून ओली-मळकी पॅराशूटं वाळत घातलेल्या साड्यांसारखी लोंबत होती. खाली उभं राहून त्यांतल्या काटक्या आणि पाइनच्या सुया वेचायच्या, भोकं शोधायची, हे काम. त्यानं मला वेचायला लावलं. मला बसवून ठेवण्यापेक्षा बरं, असा त्याचा विचार असणार. मी विचारलं, आग विझवायला पाणी कुठून आणतात?

"पाणी नसतं," तो म्हणाला. "आगीच्या भोवतीनं झाडं तोडायची, जमीन कुदळीनं खरवडून उघडी करायची. जळायला काही उरलं नाही की आग थांबते. मग राखेत हात घालून कुठे ऊब राहिलीय का ते बघायचं."

"हात घालून?"

"उलट्या हातानं. त्याला लवकर कळतं."

पाण्याशिवाय आग! मी सुन्न होऊन काटक्या वेचत राहिलो. त्याच्या कमरेला रेडिओ होता. तो खरखरला आणि विमानातला माणूस काहीतरी भरभर बोलला. मला त्यातलं एवढंच कळलं: सात जमिनीवर, एक झाडात.

मी प्रमुखाकडे पाहिलं. त्यानं रेडिओ तोंडाशी नेला, विचारलं, ऐकलं. मग बस पाच मिनिटं उशिरा येतेय हे सांगावं तशा आवाजात मला म्हणाला, "झाडात तुमची मुलगी आहे. ठीक आहे. दोर काढतेय."

"किती उंच?"

"नव्वद फूट असेल. त्यासाठीच दोर असतो."

नव्वद फूट म्हणजे आमच्या ऑफिसच्या गच्चीहून उंच. ती तिथे हवेत लोंबकळत स्वतःला सोडवत होती, आणि मी एका परक्या कापडातून पाइनच्या सुया काढत होतो. मला आयुष्यात इतकं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं. मनात एकच वाक्य घुमत होतं: बास झालं, खाली उतरली की तिला नेणार, ओढत नेणार. घड्याळाकडे बघवत नव्हतं. रेडिओ पुन्हा खरखरला. "आठ जमिनीवर," प्रमुख म्हणाला, आणि मला रडू फुटलं. मी तोंड फिरवलं. तो बिचारा काटक्या वेचत राहिला.

मग त्यानं मला मांडणीपाशी नेलं. तिथे घडी घालून तयार केलेली पॅराशूटं ओळीनं ठेवली होती. त्यानं एक खाली काढलं आणि खिशातून लहानसं कार्ड ओढलं. "इथे एक नियम आहे," तो म्हणाला. "पॅराशूट असो की साधी पिशवी, ज्यानं शिवली किंवा घडी केली त्यानं कार्डावर पूर्ण नाव लिहायचं. काही चुकलं तर आम्हाला माणूस माहीत हवा. हे तुमच्या मुलीनं घडी केलंय. हिवाळ्यात परीक्षा पास झाली ती. आणि हे माझ्या पाठीवर जाणार आहे."

"तुमच्या?"

"आणि आज तिच्या पाठीवर गेलंय ते मी घडी केलेलं. म्हणून आम्ही एकमेकांशी भांडत नाही." मिशीतल्या मिशीत हसून त्यानं कार्ड पुढे केलं. "मला इतके दिवस विचारायचं होतं. हे मधलं नाव मला काही केल्या म्हणता येत नाही. कोणाचं आहे?"

मी वाचलं. तिच्या बारीक अक्षरात तिचं नाव, मग माझं, मग आडनाव.

घरात जिनं कधी पांघरुणाची घडी घातली नाही, तिनं एका माणसाचा जीव घडी करून ठेवला होता आणि त्यावर माझं नाव लिहिलं होतं. मला न विचारता. मी तिच्या नोकरीच्या विरोधात साडेतीन हजार फूट उंचीवरच्या त्या तळावर येऊन उभा होतो, आणि माझं नाव आधीच तिथल्या मांडणीवर ओळीनं ठेवलेलं होतं.

"माझं," मी म्हणालो. "आमच्यात मुलांच्या नावात मध्ये बापाचं नाव लावतात."

"म्हणजे हिवाळ्यापासून तुम्ही आमच्याबरोबर उड्या मारताय तर!" तो म्हणाला. "आणि तुमचं मधलं नाव काय?"

"मला मधलं नाव नाही," मी म्हणालो.

हे धादांत खोटं होतं. सिटिझनशिपच्या फॉर्मवर नाव बदलायची एक सोय असते. लोक लांबलचक नाव थोडं सोपं करतात. मी तिथे वडिलांचं नाव काढून टाकलं. लोकांना म्हणताना त्रास होतो, ईमेलमध्ये मावत नाही, असं काहीबाही बायकोला सांगितलं होतं. पण त्याच्याही आधी, मुलगी जन्मली तेव्हा, हॉस्पिटलच्या कागदावर हातानं सवयीनं तीन नावं लिहिली. तिला माझं नाव लावलं आणि नंतर माझ्या बापाचं पुसलं. हे असं शेजारी शेजारी ठेवून मी कधी पाहिलंच नव्हतं.

तीन दिवस तिचा पत्ता नव्हता. रेडिओवर काय ते प्रमुखाला कळे, तो मला सांगे. मी मोटेलवरून रोज सकाळी तिथे जाऊन काटक्या वेचायचो. चिवडा सगळ्यांनी मिळून संपवला. अस्वलवाल्यानं डबा धुऊन दिला. बायकोचा फोन आला की मी सांगायचो, ती ठीक आहे. झाडाचं सांगितलं नाही. वर्षभर तिनं माझ्यापासून लपवलं होतं, आता माझी पाळी होती. तिसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान निघून गेलं. दोन्ही सीटा रिकाम्या गेल्या असतील.

चौथ्या दिवशी दुपारी एक ट्रक आला आणि त्यातून राखेनं काळवंडलेली आठ माणसं उतरली. धुराचा वास त्यांच्याआधी पोहोचला. कोणती आपली हे मला दोन क्षण ओळखू येईना. मग त्यातली एक पाय जरा ओढत माझ्याकडे आली. चेहऱ्यावर राख, ओठ फुटलेले, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. अशा पिशवीत भरून ते सगळं सामान रस्ता लागेपर्यंत पाठीवर वाहून आणतात, हे मला तेव्हाच कळलं. मी पिशवी उचलायला गेलो. ती जागची हलली नाही.

"पाय?"

"फक्त दुखावलाय. झाडाला गुडघा लागला." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू गेला नाहीस?"

"मी तुला न्यायला आलो होतो," मी म्हणालो. गोड बोलणं, आईची तब्येत, वय, सगळं बाजूला राहिलं. "तुझं तिकीट काढलं होतं."

"माहितेय. आईनं टेक्स्ट केलं होतं, तू निघालास त्याच दिवशी."

या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं आधी माहीत असतं. मला हसूही येईना आणि रागही येईना. "मला फार भीती वाटते गं," मी म्हणालो. "ती काही जायची नाही. रोज वाटणार."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "म्हणून तर मी सगळं दोनदा चेक करते. मग आता, बाबा?"

मी तिच्या पिशवीकडे पाहिलं. खांद्याचा पट्टा जिथे शिवला होता तिथून अर्धा उसवला होता आणि शेजारचं कापड फाटलं होतं. सूटही मांडीवर चांगला वीतभर फाटला होता. मी प्रमुखाकडे वळून सूटकडे बोट दाखवलं. त्यानं मान हलवली. "सूट नाही, सर. सूट आमचीच माणसं शिवतात. पिशवी तुम्ही घ्या."

मग मी तिच्या स्टुलावर बसलो. पस्तीस वर्षांनी. पिशवी रिकामी करून उलटी केली, वडिलांच्या कात्रीनं नव्या कापडाचा चौकोन कापला, जुनी टीप उसवली. पहिल्या दोन ओळी वाकड्या गेल्या आणि त्या मी पुन्हा उसवल्या. मुलगी न धुतल्या तोंडानं शेजारी जमिनीवर बसून बघत होती, मधूनच डुलकी घेत होती. पट्ट्यावर मी चौकोन घातला, चौकोनात फुली घातली, दोनदा. मग सगळी उलटी बाजू नखानं खेचून पाहिली. एकही टाका उचलला नाही.

प्रमुखानं कार्ड आणि पेन आणून दिलं. मी माझं नाव लिहिलं. त्याच्या पुढे वडिलांचं लिहिलं. मग आडनाव. ते लिहायची सवय इतकी मोडली होती, की मधलं नाव लहान मुलाच्या अक्षरासारखं आलं.

त्यानं कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. "तुम्हाला तर मधलं नाव नव्हतं ना?"

"आहे," मी म्हणालो. "माझ्या वडिलांचं. नागपूरला टेलर होते ते."

मुलीनं पिशवी माझ्या हातातून घेतली, उलटी केली, आणि माझी टीप नखानं खेचून बघायला लागली.